सेन्सेक्स जास्त पडतो का?

प्रश्न : ताई, मी मोबाइलवर सेन्सेक्स आणि निफ्टीचे चार्ट एकाखाली एक लावून बघते. सेन्सेक्स ८०० अंकांनी पडतो, तेव्हा निफ्टी जेमतेम २४० ने खाली असतो. मग निफ्टी जास्त सुरक्षित का? आणि कोणता निर्देशांक जोरात आहे हे आरएसआयवरून, म्हणजे चालीचा जोर ० ते १०० मध्ये दाखवणाऱ्या आकड्यावरून, ठरवता येईल का?
– एक वाचक

उत्तर : आधी अंक विसरा, टक्के बघा. ८०,००० मधून ८०० गेले काय आणि २४,००० मधून २४० गेले काय, पडझड एकच टक्का. सेन्सेक्स १९७८-७९ हे वर्ष १०० धरून मोजतात, निफ्टी ३ नोव्हेंबर १९९५ हा दिवस १,००० धरून. आकड्यांतला फरक तिथून आलाय, जोखमीचा त्याच्याशी संबंध नाही. शिवाय दोन्हींत बड्या कंपन्या बहुतेक त्याच, त्यामुळे ही जोडी एकत्रच चालते. तुलना करायचीच तर निफ्टी आणि मिडकॅप १५०, म्हणजे मध्यम आकाराच्या १५० कंपन्यांचा निर्देशांक, घ्या.

आरएसआय म्हणजे ‘रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स’. नावात ‘रिलेटिव्ह’ आहे, म्हणून घोटाळा होतो. तो निर्देशांकाची तुलना त्याच्याच मागच्या, साधारण १४ दिवसांच्या चालीशी करतो, शेजाऱ्याशी नाही. मिडकॅपचा आरएसआय ६५ आणि निफ्टीचा ५५ म्हणजे मिडकॅपने जास्त कमावून दिलं, असं नव्हे.

कोण पुढे आहे हे बघायला सरळ भागाकार करा. मी दर शनिवारी वहीत मिडकॅपचा शुक्रवारचा बंद आकडा लिहिते, त्याला निफ्टीच्या आकड्याने भागते आणि आलेल्या आकड्याचा ठिपका काढून आधीच्या ठिपक्याला जोडते. रेघ वर चालली की मिडकॅप पुढे. मात्र ही रेघ वर असताना दोन्ही निर्देशांक पडतही असू शकतात. निफ्टी चार टक्के पडला, मिडकॅप दोन, तरी रेघ चढतेच. म्हणून ती एकटी बघायची नाही, शेजारी निफ्टीचा स्वतःचा चार्ट हवाच.

दोन्ही निर्देशांक १०० पासून सुरू करून एकाच चार्टवर काढणार असाल, तर सुरुवातीची तारीख जपून निवडा. यात मी स्वतः फसले आहे. १५ फेब्रुवारी २०२१ ला निफ्टी १५,३१४ वर बंद झाला. २३ मार्च २०२० च्या ७,६१० पासून मोजलं तर दुपटीहून किंचित जास्त, म्हणून मी खूश. पण पडझडीआधीच्या, १४ जानेवारी २०२० च्या १२,३६२ पासून मोजलं तर वाढ २४ टक्क्यांच्या आसपास. त्या दिवसापासून मी प्रत्येक तुलना निदान दोन तारखांपासून काढते, एक तेजीच्या टोकाची आणि एक तळाची.

आणि पुढे कधी जर्मनीचा डॅक्स हा निर्देशांक शेजारी लावलात, तर त्याच्या नेहमीच्या आकड्यात लाभांश धरलेला असतो, आपल्या निफ्टीत नसतो. तिथे निफ्टीचा टीआरआय (टोटल रिटर्न इंडेक्स, म्हणजे लाभांश धरलेला निफ्टी) घ्या आणि दोन्ही एकाच चलनात आणा.