मुलीला जहाजबांधणीत घालू का?

पत्राचा गोषवारा: "आमचं हर्णैला मच्छीमार बोटींच्या इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. मुलगी यंदा बारावी सायन्सला. अकरावीला ६८ टक्के, गणित बरं आहे, जेईईची तयारी नाही. ती नेव्हल आर्किटेक्चर करायचं म्हणते. जहाजबांधणीला हजारो कोटी मिळणार अशा बातम्या रोज येतात, पण कोकणात यार्ड बंद पडलेलीही आम्ही पाहिली आहेत. तिचा मामा म्हणतो, मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मोकळी हो. ही तेजी खरी आहे का? कोर्स कुठला घ्यावा? यार्डात मुलींना काम करण्यासारखं वातावरण असतं का? सोबत एका एजंटचं पत्रक जोडलं आहे, तेही जरा बघावं."

नमस्कार,

तुमची शंका रास्त आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. बातम्या बघून लोक मला विचारतात, "सर, या क्षेत्राला स्कोप आहे ना?" तुम्ही मात्र बंद यार्डाचं गेट पाहून विचारताय. अशा माणसाला गुळमुळीत उत्तर देऊन चालणार नाही.

मागची तेजी कशी आली आणि कशी गेली ते आधी बघा. केंद्राची जहाजबांधणीची ३० टक्के सबसिडी २००२ मध्ये खासगी यार्डांनाही लागू झाली आणि ऑगस्ट २००७ मध्ये तिची मुदत संपली. त्या पाच वर्षांत गुजरातेत एबीजी आणि आपल्याकडे भारती या खासगी यार्डांनी परदेशी ऑर्डरी भराभर उचलल्या. भारतीने तर २००७ साली इंग्लंडमधल्या बंद पडलेल्या स्वान हंटर यार्डाच्या क्रेनही विकत घेतल्या. बुडालेल्या यार्डाचं सामान घेऊन आपलं यार्ड उभं करायचं, एवढा तेव्हा भरवसा होता. मग २००८ उजाडलं. मालवाहतुकीच्या भाड्याचा अंदाज ज्यावरून घेतात तो बाल्टिक ड्राय इंडेक्स त्या वर्षीच्या मे महिन्यात ११,७९३ वर होता. डिसेंबरात तो ६६३ वर आला. भाडंच मिळेना, तर नवं जहाज कोण घेणार?

यात यार्ड का मरतं, तेही सांगतो. जहाज बांधायला दोन-तीन वर्षं लागतात आणि गिऱ्हाईक पैसे हप्त्याने देतं: प्लेट कापायला सुरुवात झाली की एक हप्ता, कील, म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा, टाकली की दुसरा, जहाज पाण्यात उतरलं की पुढचा. या हप्त्यांसाठी यार्डाच्या बँकेला गॅरंटी द्यावी लागते. जहाज लांबलं किंवा गिऱ्हाइकाने अंग काढून घेतलं की ती गॅरंटी वटवली जाते आणि अर्धवट सांगाडा यार्डाच्या गळ्यात पडतो. खासगी यार्डांच्या घसरणीत हे मोठं कारण होतं. एबीजीचं प्रकरण पुढे सीबीआयकडे गेलं, तिथे बाजाराखेरीज इतरही आरोप आहेत. तो विषय वेगळा.

आताची तेजी खरी आहे. पण ती बरीचशी सरकारी पैशाची आहे, हे डोक्यात असू द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर केलं. त्यात यार्डांना थेट आर्थिक साहाय्याची योजना मार्च २०३६ पर्यंत वाढवली आहे, आणि स्वस्त भांडवलासाठी २५,००० कोटींचा वेगळा निधी आहे. हा निधी मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण मागच्या वेळी दुखणं नेमकं तिथेच होतं. राज्यानेही २०२५ मध्ये जहाजबांधणी आणि दुरुस्तीचं स्वतःचं धोरण आणलं. तुमची मुलगी २०२६ मध्ये बारावी झाली, तर पदवी २०३० मध्ये हातात येईल. म्हणजे योजनेची सहा वर्षं शिल्लक असताना ती बाजारात उतरेल. पहिल्या नोकरीला एवढा अवधी पुरेसा आहे. जन्मभराच्या नोकरीची हमी मात्र कुणी देऊ शकत नाही. कोरियाचं उदाहरण सगळे देतात, पण २०१५-१६ च्या मंदीत तिथल्या मोठ्या यार्डांनीही हजारो माणसं कमी केली.

ऑर्डरी कुठून येतात ते पाहिलं की चित्र अजून स्पष्ट होईल. चीन, कोरिया आणि जपान मिळून जगातली ९० टक्क्यांहून जास्त जहाजं बांधतात. आपला वाटा एक टक्काही नाही. मोठ्या टँकरच्या शर्यतीत आपण अजून नाही. आपल्याला जागा मिळते आहे ती युरोपच्या किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्या लहान मालवाहू जहाजांत. माझगाव डॉककडे डेन्मार्कच्या आणि कोलकात्याच्या गार्डन रीचकडे जर्मनीच्या कंपनीची ७,५०० टनी जहाजं आहेत. मला सगळ्यांत बोलकं उदाहरण वाटतं ते मालपेचं. उडुपीजवळचं हे तुमच्या हर्णैसारखंच मासेमारीचं बंदर. तिथलं टेब्मा यार्ड दिवाळखोरीत निघालं, २०२० मध्ये कोचीन शिपयार्डने ते घेतलं, आणि आज तिथे नॉर्वेच्या विल्सन कंपनीसाठी ३,८०० टनी जहाजांची मालिका बांधली जाते. यार्ड बुडालं, मालक बदलला, पण प्लेट कापणाऱ्या, पाइप जोडणाऱ्या आणि ड्रॉइंग वाचणाऱ्या माणसांची गरज होती तशीच राहिली.

म्हणून माझं मत सरळ आहे: कंपनी किंवा तेजी बघून तिला यात घालू नका, हातात कोणतं काम येणार ते बघून घाला.

आता कोर्स. पहिली गल्लत इथेच होते. मरीन इंजिनिअरिंग वेगळं आणि नेव्हल आर्किटेक्चर वेगळं. मरीन इंजिनिअर जहाजाच्या इंजिन रूममध्ये नोकरी करतो आणि महिनोन्‌महिने समुद्रावर असतो. नेव्हल आर्किटेक्ट जहाजाचा आकार, वजन, तोल आणि पोलादाची जाडी ठरवतो, आणि त्याची नोकरी जमिनीवर असते. मुलीला यातलं काय हवंय ते तिच्याच तोंडून एकदा ऐका. इंजिनाच्या आवाजात वाढलेली मुलगी आहे, तिला कदाचित पहिलंच हवं असेल.

नेव्हल आर्किटेक्चरच हवं असेल, तर चांगल्या जागा मोजक्या आहेत. आयआयटी खरगपूर आणि मद्रास जेईई अ‍ॅडव्हान्स्डवर, म्हणजे तुमच्यापुरता तो रस्ता बंद. उरतात दोन. कोचीनचं कुसॅट विद्यापीठ, ज्याची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचं विशाखापट्टणम केंद्र, ज्यासाठी आयएमयू-सीईटी द्यावी लागते. आयएमयूला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ६० टक्के आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० लागतात. अकरावीचे ६८ बघून निर्धास्त राहू नका. एकूण टक्केवारीत इतर विषय हात देतात, इथे तीनच विषय धरले जातात. दोन्ही परीक्षांच्या तारखा आणि अटी त्यांच्या संकेतस्थळांवरून स्वतः तपासा. या दोन्हींपैकी एकीकडे प्रवेश मिळाला, तर डोळे झाकून पाठवा. कुठल्या तरी खासगी कॉलेजात "मरीन" हा शब्द जोडलेल्या कोर्सला नुसत्या नावासाठी पैसे भरू नका.

प्रवेश नाही मिळाला, तर मामांचा सल्ला वाईट नाही. फक्त "मोकळी हो" हे सोडून द्या. बारावी सायन्सनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि रत्नागिरीला शासकीय तंत्रनिकेतन आहे. किंवा एमएचटी-सीईटी देऊन मेकॅनिकलची पदवी. पुढे गेटमध्ये, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत, नेव्हल आर्किटेक्चर आणि मरीन इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर २०२२ पासून आहे, त्यातून तीच आयआयटी पुन्हा समोर येते. त्या दोन्हींकडे प्रवेश नाही मिळाला, तर माझी पसंती यालाच राहील. मेकॅनिकलवाल्याला मंदीत दुसरीकडे जाता येतं, नेव्हल आर्किटेक्टला ते अवघड जातं. कोर्स कुठलाही असो, ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर नीट शिकायला सांगा: आधी ऑटोकॅड, मग ऱ्हायनो, मग मॅक्ससर्फ. जहाजाच्या डिझाइनच्या कचेऱ्या मुलाखतीला बसवून रेषा काढून घेतात, तिथे मार्कशीट उघडत नाही.

आयटीआयबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण नात्यात कुणी दहावी झालेला असेल तर सांगून ठेवतो. माझगाव डॉकच्या अप्रेंटिस स्कूलमध्ये आठवी, दहावी आणि आयटीआय झालेल्यांसाठी वेगवेगळे गट असतात: पाइप फिटर, स्ट्रक्चरल फिटर, वेल्डर, रिगर, इलेक्ट्रिशियन. अप्रेंटिसशिप म्हणजे पर्मनंट नोकरी नव्हे. नंतरची भरती बहुतेक मुदतीच्या करारावर होते. तरीही मी वेल्डिंगला कमी लेखत नाही. सपाट टेबलावर कुणीही वेल्डिंग करतो. परीक्षा असते उभ्या प्लेटवर खालून वर जाण्याची, म्हणजे ३जी. डोक्यावरच्या सांध्याची, म्हणजे ४जी. आणि पंचेचाळीस अंशांत तिरप्या धरलेल्या पाइपची, म्हणजे ६जी. क्लासचा सर्व्हेअर समोर उभा राहून ती घेतो, मग सांधा वाकवून किंवा एक्स-रे काढून बघतात. क्लास म्हणजे जहाजाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था. आपली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग पवईला आहे. ६जी पास झालेला माणूस यार्ड बंद पडलं तर रिफायनरीत जातो, तीही थांबली तर पॉवर प्लांटला.

तुमच्या मुलीसाठी आणखी एक वाट आहे, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. जहाजाचा सांगाडा आपण बांधतो, पण किमतीचा मोठा भाग असतो इंजिन, पंप, व्हॉल्व्ह, स्विचबोर्ड आणि केबल यांत, आणि त्यातलं महागडं सामान अजून बाहेरून येतं. ते इथे बनवायची खटपट आता चालू झाली आहे. एप्रिल २०२५ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने नौदलासाठी ६ मेगावॉटचं मरीन डिझेल इंजिन विकसित करायचा करार केला. रक्कम २७० कोटी. वालचंदनगरचा कारखाना युद्धनौकांचे गिअरबॉक्स बनवत आला आहे. पुणे, कोल्हापूर, नाशिक पट्ट्यातला मेकॅनिकलवाला अशा ठिकाणी बसून जहाजाचंच काम करतो. आणि नौदलाच्या ऑर्डरी भाड्याच्या चढउतारावर ठरत नाहीत. आयएनएस सुरत, निलगिरी आणि वाघशीर ही माझगाव डॉकने बांधलेली तिन्ही १५ जानेवारी २०२५ ला एकाच दिवशी नौदलात दाखल झाली. डिझेल इंजिन उघडून बसणं तुमच्या घरात रोजचं आहे. या बाबतीत ती शहरातल्या मुलांच्या पुढेच असेल.

मुलींबद्दल. डिझाइन, प्लॅनिंग, क्वालिटी, खरेदी या विभागांत मुली आहेत आणि त्याबद्दल काही बोलायची गरज नाही. प्रत्यक्ष यार्डात काम कष्टाचं आहे, मुलगा असो वा मुलगी. जहाजाच्या दुहेरी तळात तपासणीला उतरायचं, तर भोक असतं ६०० बाय ४०० मिलिमीटरचं. त्यातून हेल्मेट, टॉर्च आणि गेज घेऊन आत सरकायचं, एप्रिल-मेच्या उकाड्यात गुडघ्यावर पुढे जायचं आणि प्रत्येक सांधा बघायचा. आत उतरण्याआधी गॅस-फ्री सर्टिफिकेट, म्हणजे आत घातक वायू नसल्याचा दाखला, झालंय का, हे स्वतः विचारायचं. साहेब "चल चल" म्हणाले म्हणून जायचं नाही. मुलाखतीला गेली की तिने तीन गोष्टी न लाजता विचाराव्यात: बायकांचं स्वच्छतागृह जहाज उभं असतं त्या बर्थपासून किती लांब आहे, रात्रपाळी असेल तर घरी सोडायला गाडी आहे का, आणि तिथे आधीपासून किती मुली काम करतात. उत्तर देताना समोरचा चाचरला, तर समजून घ्या.

परीक्षेनंतर तिला वास्कोला घेऊन जा. गोवा शिपयार्डात ओळखीशिवाय आत सोडणार नाहीत, पण बाहेरूनही खूप दिसतं, आणि तिथे काम करणारा एखादा दापोली-मंडणगडचा माणूस नक्की सापडेल. त्याला पगार विचारू नका, दिवसभर काय करतो ते विचारा.

आता ते पत्रक. "मर्चंट नेव्ही आणि दुबई शिपयार्ड, १०० टक्के प्लेसमेंट, साडेतीन लाख" असं लिहिलेलं आहे. दोन वेगळे धंदे एका कागदावर आले, तिथेच मला संशय आला. मर्चंट नेव्हीच्या प्रत्येक प्रशिक्षण संस्थेला डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाची, मान्यता लागते, आणि जहाजावर माणसं पाठवणाऱ्याकडे आरपीएसएल परवाना लागतो. दोन्ही याद्या डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर आहेत. दुबईच्या यार्डात कामगार पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेटवर नोंदलेला असावा लागतो आणि त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. तुमच्या पत्रकावर परवाना क्रमांक नाही, संस्थेचा पत्ता नाही, नुसता मोबाइल नंबर आहे. त्यांना एक रुपयाही देऊ नका. ऍडव्हान्स आधीच दिला असेल तर पावती जपून ठेवा आणि दापोली पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.