‘बाबांना सांग’ या निरोपाचे काय करावे?

प्रश्न : आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. घरात ऐंशी वर्षांच्या सासूबाई, दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालेले माझे यजमान आणि सत्तावीस वर्षांचा मुलगा आहे. मुलाने चांगली नोकरी सोडून मित्राबरोबर व्यवसाय सुरू केला, तेव्हापासून गेले दीड वर्ष बापलेक एकमेकांशी थेट बोलत नाहीत. ‘बाबांना सांग’, ‘त्याला विचार’ असे निरोप मी दिवसभर पोहोचवते. कधी शब्द सौम्य करून, कधी निम्मे गाळून. समोरासमोर बोलणे झालेच, तर मुलगा रागाने हिंदीवर उतरतो, यजमान उठून गॅलरीत जातात, आणि सासूबाई म्हणतात की तूच त्याला पाठीशी घालतेस. मला आता रात्री झोप लागत नाही. मुलीने कुटुंब-समुपदेशकाकडे जाण्याचे सुचवले आहे, पण ‘आपल्याकडे कोणी वेडे झालेले नाही’ असे यजमानांचे म्हणणे आहे. तिथे नेमके काय होते? आणि मी एकटीने जाण्यात काही अर्थ आहे का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. हो, आपण एकटीनेही जरूर जावे. मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९५४ पासून काही वर्षे रुग्णांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांनाही रुग्णालयात राहायला बोलावून अभ्यास केला होता. दोन माणसांमधला ताण असह्य झाला की ती दोघे तिसऱ्याला मध्ये ओढतात आणि तात्पुरती शांतता मिळवतात, असे त्यांनी मांडले. या रचनेला त्यांनी त्रिकोण म्हटले. त्यातील एकाने जरी आपली ठरलेली भूमिका शांतपणे बदलली, तरी उरलेल्या दोघांना जागचे हलावे लागते, असा त्यांचा अनुभव होता. आपल्या घरातील तो तिसरा कोन आपण आहात, आणि आपली उडालेली झोप ही त्या शांततेची किंमत आहे, असे मला आपले पत्र वाचून वाटले.

आपण निरोप सौम्य करता ते मायेपोटीच. परंतु त्यामुळे यजमानांच्या बोलण्यातली काळजी मुलापर्यंत पोहोचत नाही, मुलाच्या बोलण्यातली भीती यजमानांपर्यंत जात नाही, आणि दोघेही समोरच्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधत राहतात. समुपदेशक नेमका इथे हात घालतो. दोष कोणाचा हे तो ठरवत नाही. साधारण तासाभराच्या बैठकीत तो मुलाला विचारील, ‘बाबा गॅलरीत जातात तेव्हा आई काय करते?’ आणि यजमानांना विचारील, ‘आई आणि मुलगा आत काय बोलत असतील, असे तुम्हाला वाटते?’ आपण सवयीने मुलाच्या वतीने उत्तर देऊ लागलात, तर तो आपल्याला नम्रपणे थांबवील. साल्व्हादोर मिनुचिन हे नामवंत कुटुंबोपचारतज्ज्ञ तर बैठकीत माणसांच्या खुर्च्या बदलायला लावत: वडील आणि मुलगा समोरासमोर, आई बाजूला. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण दीड वर्षाने मुलाच्या डोळ्यांकडे पाहत बोलणे वडिलांसाठी मुळीच सोपे नसते. सुरुवातीच्या बैठकांनंतर घरातले वाद थोडे वाढल्यासारखे वाटले, तर घाबरून जाऊ नये. इतके दिवस दाबलेले बोलणे वर येत असते.

इंदूरच्या आपल्या मराठी घरांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. मराठी आणि हिंदी दोन्ही नीट समजणारा समुपदेशक निवडावा. मुलगा रागात हिंदीत बोलतो याचा यजमानांना अपमान वाटत असेल. प्रत्यक्षात शाळेत आणि मित्रांत वापरलेली तीच भाषा त्याला भांडायला जवळची असू शकते, आणि बैठकीत हे उघडपणे विचारता येते. सासूबाईंना पहिल्या दिवशी नेण्याची घाई नको.

‘वेडे’ या शब्दाबद्दल यजमानांना एवढेच सांगा की कुटुंबाला उपचारात सामील करून घेणे आपल्या देशाला नवे नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकातच नातेवाइकांना रुग्णांजवळ तंबूंत राहू दिले होते. आणि आपल्या घरी तर कोणी आजारीही नाही. एक संवाद तेवढा अडला आहे.

मात्र घरात मारहाण किंवा धमक्या होत असतील, तर एकत्र बैठक योग्य नाही. त्या वेळी आधी त्रास सोसणाऱ्या व्यक्तीची सुरक्षितता पाहावी लागते. तसे काही आपल्या पत्रात दिसत नाही. आपली झोप अशीच उडालेली राहिली, तर स्वतःसाठी डॉक्टरांना भेटावे. मानसिक आरोग्यासाठीच्या केंद्र सरकारच्या टेलिमानस या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून कोणत्याही वेळी बोलता येते.

तोवर एक बदल आजपासून करून पाहावा. पुढचा ‘बाबांना सांग’ आला की न रागावता म्हणावे, ‘ते आत बसले आहेत, तूच सांग,’ आणि उठून स्वयंपाकघरात जावे. पहिले काही दिवस निरोप कोणीच पोहोचवणार नाही, एखादे वीजबिलही राहून जाईल. ते राहू द्यावे. यजमानांना मात्र ‘तुमच्यात दोष आहे म्हणून चला’ असे म्हणू नये. ‘मला झोप लागत नाही, माझ्यासाठी एकदा या’ असे म्हणावे, कारण खरेही तेच आहे.