खुर्द गाव, खारी विहीर

प्रश्न : आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेपासून दीडेक कोसावर. नावात ‘खुर्द’, पण नाल्यापलीकडच्या ‘बुद्रुक’पेक्षा आमची वस्ती दुप्पट. गावातली जुनी विहीर इतकी खारी की बैलही तोंड लावत नाही. आजोबा सांगायचे, अशा पाण्याचं पूर्वी मीठ करत. खरं असेल का? आणि आमच्या एका वावराला ‘रिठातलं’ म्हणतात, पण तिथं रिठ्याचं झाड कोणीच पाहिलेलं नाही. काहून म्हणत असतील?
– एक तरुण शेतकरी

उत्तर : भाऊ, भूकरमापक म्हणून नोकरीची अकरा वर्षं मी तुमच्याच भागात साखळी ओढली. तेहतीस फुटांची शंकुसाखळी. ती एकदा लांबीला आणि एकदा रुंदीला अंथरली की झाला एक गुंठा. मे महिन्यात मोजणी असली की तुमच्या जमिनीच्या भेगांत खुणेची सळई अशी गडप व्हायची की शिपाई कोपरापर्यंत हात घालून ती काढायचा.

आधी आजोबांचं. ते खरंच बोलत होते. अकोला जिल्ह्यात दहीहांड्याकडं खाऱ्या विहिरींचं पाणी आटवून मीठ काढत. इंग्रजांच्या अमलात ते बंद पडलं. पुढं १९३० साली गांधीजी दांडीला निघाले तेव्हा वऱ्हाडानं समुद्र कुठून आणायचा? कार्यकर्ते एप्रिलमध्ये दहीहांड्याला गेले आणि तिथल्या खाऱ्या पाण्याचं मीठ करून त्यांनी कायदा मोडला. ज्या पाण्याला आपण शिव्या देतो, ते एकदा असं कामी आलं.

आता पाणी खारं का, ते. तुमच्या उत्तरेला गाविलगडचा डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग. मधलं पूर्णेचं खोरं खचलेलं आहे आणि नदीनाल्यांनी ते गाळानं भरून काढलं. वऱ्हाडात इतर ठिकाणी थोडं खणलं की काळा पाषाण लागतो. तुमच्याकडं शेकडो फूट गाळच गाळ. माती चिकण, पाऊस झाला की फुगते आणि तोंड मिटून घेते. पाणी खाली निचरत नाही, उन्हाळ्यात वर ओढलं जातं, उडून जातं, आणि क्षार मागं राहतात. म्हणून हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी गोटे-रेतीचा भरणा आहे, तिथं पाणी मुरतं. म्हणून अंजनगाव सुर्जीला पानमळे, आणि तुम्हाला विहीर असून सगळी मदार पावसावर: कपाशी, तूर, मूग, आणि ओल धरली तर हरभरा. ती ओल धरून ठेवणारी मातीही तीच, हे मात्र विसरू नका. शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी गोड राहतं, कारण त्यानं जमिनीचं मीठ चाखलेलंच नसतं.

मला पहिल्या वर्षीच धडा मिळाला. एका घरी माउलीनं विहिरीच्या पाण्यावर चहा मांडला आणि दूध घालताच तो फाटला. ती इतकी ओशाळली की शेजारून उसनं गोड पाणी आणून तिनं चहा पुन्हा केला. तेव्हापासून मोजणीला निघताना माझी पाण्याची कॅन मीच न्यायचो. गावोगाव नळयोजना झाल्या, आणि पाणी विचारताना ‘नळाचं का विहिरीचं’ हा नवा शिष्टाचार आला. डाळ शिजत नाही म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासवाही मी पाहिल्या. दोष पाण्याचा, बोलणी सुनेला!

‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ हे फारशीतून आलेले शब्द. खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक हा ‘बुजुर्ग’चा अपभ्रंश, म्हणजे थोरलं. कागदावर नाव चढलं त्या वेळी कोण थोरलं होतं एवढंच त्यातून कळतं. पुढं डांबरी रस्ता तुमच्या बाजूनं गेला की धाकटा भाऊ थोरल्याच्या डोक्यावर. कागद मात्र लोकसंख्या मोजून नाव बदलत नाही.

रिठाचं मला सगळ्यात जास्त आवडलं. रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव. कागदपत्रांत ‘बेचिराख’ असंही लिहिलेलं सापडतं, म्हणजे जिथं दिवा लागत नाही. साथ, पूर, दुष्काळ, पाणी नासणं, कारण काहीही असो, माणसं उठली, शिवार मागं राहिलं. वऱ्हाडात १८९९-१९०० चा दुष्काळ भयंकर होता; पण तुमचं रीठ त्याच वेळचं असं मी इथं बसून सांगणार नाही. पाऊस उघडल्यावर वावरात फिरा. काळ्या जमिनीत मध्येच राखट, पांढुरक्या मातीचा उंचवटा, खापऱ्या, जात्याचा तुकडा दिसला, तर ती जुनी पांढरी, म्हणजे गावठाण. काळीत पीक, पांढरीत वस्ती, अशी आपल्या पूर्वजांची वाटणी होती. मग तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गाव नकाशाची नक्कल काढा. आणि म्हातारी माणसं आहेत तोवर प्रत्येक वावराचं, धुऱ्याचं, पांदणीचं नाव वहीत उतरवून घ्या. सातबाऱ्यावर आकडा राहतो, नाव राहत नाही.

प्रश्न : माझं माहेर भंडारा जिल्ह्यात, सासर अकोल्याकडं. माहेरी जुनी माणसं ‘खसरा’ आणि ‘मालगुजार’ बोलतात, सासरी ते शब्द कोणालाच कळत नाहीत. विदर्भ एकच ना?
– एक गृहिणी

उत्तर : ताई, नकाशात एक, दप्तरात दोन. वऱ्हाड निजामाचं, १८५३ साली इंग्रजांनी ते कारभाराला घेतलं आणि मुंबईच्या धर्तीवर रयतवारी लावली. शेतकरी थेट सरकारात सारा भरायचा. तुमच्या माहेरचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तिथं मध्ये मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. आणि ‘खसरा’ म्हणजे तिकडच्या दप्तरातली शेताच्या क्रमांकाची नोंद. ती मालगुजारी पद्धत १९५१ साली गेली, पण तिकडचे तलाव आजही ‘मामा तलाव’ म्हणूनच ओळखले जातात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. सासरी हे सांगून बघा. त्यांना वाटेल, तुमच्या मामाचाच तलाव आहे.