सुरुवात मासळीच्या डब्यापासून करा

ताई, कोकणातल्या गावी राहायला आल्यावर निसर्गाला जपत काय काय करायचं याची तुम्ही यादी पाठवलीत: सोलर, बायोगॅस, पागोळीचं पाणी... यादी चांगली आहे, पण गावातल्या पहिल्या वर्षी एवढं नको. आधी बाजार आणि परस धरा.

मासळीला जाताना झाकणाचा डबा न्या. नुसती कापडी पिशवी नेलीत तर मासळीवाली मावशी मासे आधी प्लास्टिकमध्येच घालणार. (राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तरी ती पिशवी कशी मिळते ते विचारू नका.) पापलेटाची पिल्लं स्वस्त दिसली तरी सोडा; त्यांनी एकदाही अंडी घातलेली नसतात. जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात, म्हणून सुकट आणि सोडे मे महिन्यातच भरून ठेवा.

ओल्या कचऱ्यासाठी नवे लोक हमखास खड्डा खणतात. आपल्या पावसात त्याचं डबकं होतं आणि वास सुटतो. त्यापेक्षा जमिनीवरच ढीग करा, वर पत्रा टाका. एक थर ओला, त्याच्या दुप्पट पातेरा, म्हणजे झाडाची सुकी पानं. आंब्या-फणसाचा पातेरा जाळू नका, पावसाळ्यासाठी पोत्यात भरून ठेवा. माशांची डोकी मात्र माडाच्या आळ्यात खोल पुरा, नाहीतर कुत्री उकरतील.

आणखी दोन चुका टाळा:
- घरातले धड प्लास्टिकचे डबे फेकून बांबूचे नवे आणणं. आहेत ते फुटेपर्यंत वापरा.
- ‘कंपोस्टेबल’ पिशवी ढिगात टाकणं. बहुतेकींना कुजायला खताच्या कारखान्यातली उष्णता लागते, परसात त्या तशाच राहतात.

सोलरचं दिवाळीनंतर बघू. तोवर विजेची बिलं जपून ठेवा.