'लारी' नाणं आणि 'लारवी' समुद्र

प्रश्न असा आहे: अरब लेखक कोकणालगतच्या समुद्राला 'लारवी' म्हणत आणि पुढे याच किनाऱ्यावर 'लारी' नावाचं चांदीचं नाणं चाललं. मग नाण्याला नाव समुद्रावरून मिळालं का?

नाही. दोन्ही 'लार' वेगळे आहेत.

समुद्राचा 'लार' म्हणजे आपला लाट देश, दक्षिण गुजरात. प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमी त्यालाच 'लारिके' म्हणतो. अरब प्रवासी आणि लेखक अल्-मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916 च्या सुमारास, सैमूरला (चौलला) आला होता. तेव्हा तिथे शिलाहार झंझाचा अंमल होता. सैमूर, सोपारा, ठाणे इथल्या लोकांची भाषा 'लारी' आणि तिला हे नाव लारवी समुद्रावरून मिळालं, असं तो लिहितो. म्हणजे 'लारी' हे नाण्याच्या कितीतरी आधी एका भाषेचं नाव होतं. घोटाळा होतो तो इथेच.

नाण्याचा 'लार' हे दक्षिण इराणातलं शहर. इराणी आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझ बंदराच्या व्यापाराबरोबर ते नाणं समुद्रमार्गे इकडे आलं. ते गोल नव्हतंच. चांदीची जाड तार मधोमध दुमडायची आणि वर ठसा मारायचा. वजन पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. 1584 मध्ये विल्यम बॅरेट या इंग्रज व्यापाऱ्याने तिची जाडी हंसाच्या पिसाच्या लेखणीएवढी सांगितली आहे आणि हिंदुस्थानात चालणारं हे सर्वांत उत्तम नाणं, असंही म्हटलं आहे. चांदीचा कस उत्तम, म्हणून परमुलखातला सराफही ती बिनतक्रार घेई. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने स्वतःच्या नावाच्या लाऱ्या पाडल्या आणि त्या कोकणात सापडल्या आहेत.

मला सर्वांत मोलाची वाटते ती सिंहलद्वीपातली (श्रीलंकेतली) नोंद. ती लिहिणारा इंग्रज खलाशी रॉबर्ट नॉक्स तिथे 1660 पासून जवळजवळ वीस वर्षं कैदेत होता. तिथे हे नाणं मासे धरायच्या गळासारखं वाकवत आणि राजाच्या परवानगीने कोणीही पाडू शके. कसाची शंका आली, की ते विस्तवात लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकायचं. पांढरंशुभ्र निघालं तरच चालायचं! टाकसाळीच्या ठशापेक्षा चांदीवर भरवसा, हे लारीचं खरं बळ होतं.

मालवाहू 'लारी' इंग्रजीतून आली, तिचा या दोन्हींशी संबंध नाही. नाण्याचं नाव मात्र मालदीवमध्ये अजून चालू आहे: तिथे 100 लारींचा एक रुफिया होतो.