घराचा स्लॅब टाकण्यापूर्वी वायरिंगचे काय ठरवून घ्यावे?

आपण लिहिले आहे की साताऱ्याजवळ तळमजला आणि वर एक मजला असा बंगला बांधत आहात, पहिल्या स्लॅबचे सेंटरिंग सुरू आहे आणि ‘वायरिंगचे प्लास्टरच्या वेळी बघू, इंटरनेटला वाय-फाय आहेच’ असे ठेकेदारांचे म्हणणे आहे. मी वायरिंगचीच कामे घेतो, त्यामुळे स्पष्ट सांगतो: वायर प्लास्टरनंतर ओढली तरी चालते, नव्हे, ती तेव्हाच ओढावी, परंतु पाइप कुठून कुठे जाणार हे सळया बांधल्या जात असतानाच ठरलेले असावे लागते. वायर पुढे केव्हाही बदलता येते, स्लॅबमध्ये गाडलेला पाइप बदलता येत नाही.

म्हणून आधी प्रत्येक खोलीत पलंग, कपाट, टीव्ही आणि दार उघडण्याची बाजू नकाशावर दाखवून घ्या. दाराच्या मागे गेलेला स्विचबोर्ड हा हे आधी न ठरवल्याचाच परिणाम असतो. स्लॅबमध्ये २५ मिलिमीटरचा जाड पीव्हीसी पाइप घालावा, वळणावर काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड वापरावा, पाइप सळ्यांना बांधणीच्या तारेने पक्के करावेत आणि फॅन बॉक्सची व पाइपांची तोंडे बंद करून घ्यावीत. काँक्रीट पडत असताना इलेक्ट्रिशियनचा एक माणूस वर उभा हवाच, कारण व्हायब्रेटरच्या धक्क्याने किंवा घमेली वाहणाऱ्यांच्या पायाखाली एखादा सांधा सुटला, तर त्यात शिरलेले सिमेंटचे पाणी थेट वायर ओढायच्या दिवशीच लक्षात येते. काँक्रीट पडण्याआधी मोजपट्टी लावून सगळ्या पाइपांचे फोटो काढून ठेवा.

वायरच्या जाडीबाबत फारसा वाद नाही. दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ आणि एसी व गिझरला प्रत्येकी स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर व स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास वीज तोडणारा स्विच), एवढे पुरते. इलेक्ट्रिक गाडीचा ७ किलोवॉटचा चार्जर पुढेमागे बसवायचा असेल, तर पार्किंगपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची वायर जाईल असा पाइप आत्ताच टाका. सौर पॅनेलसाठी गच्चीपासून मुख्य बोर्डापर्यंत एक मोठा पाइप मोकळा ठेवा; प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे अनुदान ७८,००० रुपयांपर्यंत मिळते म्हणून लोक नंतर पॅनेल बसवतात आणि नव्या रंगाच्या भिंतीवर पट्ट्या मारून त्यांतून वायर खाली आणतात.

सर्वांत जास्त घोळ इन्व्हर्टरचा होतो. शॉकपासून संरक्षण देणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सारखा आहे की नाही, एवढेच पाहत असतो आणि फरक दिसताच वीज तोडतो. इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा फेज वेगळा ओढला आणि न्यूट्रल मात्र खोलीतल्या नेहमीच्या वायरला जोडून दिला, तर हा हिशेब जुळत नाही आणि आरसीसीबी विनाकारण वीज तोडत राहतो. मग कोणीतरी येतो आणि तो आरसीसीबीच काढून टाकतो, म्हणजे घरातल्या माणसांचे संरक्षणच जाते. यावर उपाय एकच, तो म्हणजे इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रल मुख्य बोर्डापर्यंत स्वतंत्र नेणे. आणि त्यासाठी कोणते दिवे, पंखे इन्व्हर्टरवर हवेत हे आजच ठरवावे लागते, कारण पाइपमध्ये तेवढी जागा लागते. राउटरचे सॉकेटही त्या यादीत लिहा.

आता वाय-फायविषयी. सळ्यांच्या स्लॅबमधून त्याचा सिग्नल, विशेषतः ५ गिगाहर्ट्‌झचा, बराच क्षीण होतो, त्यामुळे खालच्या हॉलमधला राउटर वरच्या बेडरूमला पुरेल असे गृहीत धरू नये. जिन्याजवळ एक जागा निवडून तिथून प्रत्येक खोलीत, दोन्ही मजल्यांच्या पॅसेजच्या छतावर आणि कॅमेऱ्यांच्या जागी कॅट-६ केबल (इंटरनेटची तार) सलग, मध्ये कुठेही जोड न देता न्यावी. ती सोय असलेला कॅमेरा घेतला, तर त्याला वीजही त्याच केबलमधून देता येते. केबल शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबलही मिळते, ती नको. या केबलचा पाइप विजेच्या पाइपपासून फूटभर दूर ठेवावा आणि दोन्ही एकमेकांना ओलांडणार असतील तिथे काटकोनात ओलांडावेत. रस्त्यावरून फायबर आत आणण्यासाठी एक रिकामा पाइप ठेवून त्यात नायलॉनची दोरी सोडून ठेवा.

अर्थिंगचा खड्डा फरशी बसण्यापूर्वी, पाणी घालता येईल अशा जागी घ्या. वीजजोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो, तेव्हा तो माणूस पहिल्या दिवसापासूनच कामावर असेल असे पाहा. मीटरची पेटी कुठे बसणार हे आपण लिहिलेले नाही. ते अंतर आणि घरात किती एसी असतील हे कळवल्यास मुख्य केबलची जाडी आणि थ्री फेज घ्यावा की नाही, हे सांगता येईल.