'पायाबाङान'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे : दुबईत नोकरी करणाऱ्या एका वाचकाच्या ऑफिसात बरेच फिलिपिनो सहकारी आहेत. डबा खाताना दोघीजणी नव्या फोनवरून नि सोन्याच्या साखळीवरून बोलू लागल्या की तिसरी हळूच म्हणते, "पायाबाङान ना नामान!" याला मराठीत नेमका शब्द कोणता? बडेजाव, दिखावा की चढाओढ? आणि हे 'त्यांच्या संस्कृतीतच' आहे का?

तिन्ही शब्द जवळचे आहेत, पण एकही पुरता बसत नाही.

आधी उच्चार. वाचकाने 'पायाबांगान' लिहिलं होतं, ते मी बदललं. यातला ध्वनी आपला ङ आहे. फिलिपिनो वर्णमालेतल्या २८ अक्षरांत त्याला स्वतंत्र जागा आहे. आपल्याकडे तो 'वाङ्मय'सारख्या मोजक्या शब्दांच्या आश्रयाने कसाबसा तग धरून आहे, तेव्हा मिळाली संधी तर लिहू या.

'याबाङ' म्हणजे शेखी, घमेंड. 'मायाबाङ' म्हणजे शेखीखोर. 'नाग्यायाबाङ' म्हणजे शेखी मिरवतोय. खरी गंमत यापुढे आहे. शब्दाच्या पुढे 'पा' आणि मागे 'आन' जोडलं की टागालोगमध्ये, म्हणजे फिलिपिनो ज्या भाषेवर उभी आहे तिच्यात, शर्यत तयार होते. 'बिलिस' म्हणजे वेग. 'पाबिलिसान' म्हणजे वेगात कोण सरस. 'गांदा' म्हणजे सौंदर्य. 'पागांदाहान' म्हणजे देखणं कोण जास्त. 'दामी' म्हणजे संख्या. 'पारामिहान' म्हणजे कोणाकडे जास्त. (हीच जोडी जागाही दाखवते. 'लिपाद' म्हणजे उडणं आणि 'पालिपारान' म्हणजे विमानतळ. कुठला अर्थ घ्यायचा ते शब्दावर आणि संदर्भावर ठरतं.) या हिशेबाने 'पायाबाङान' म्हणजे शेखी मिरवण्याचा सामना. एकट्याने शेखी मिरवता येते. पायाबाङानला समोर कोणीतरी लागतं. याच साच्यातला एक ग्राम्य वाक्प्रचार सगळ्यांच्या तोंडी असतो, 'पाताआसान नाङ इही', म्हणजे मुतण्याची धार कोणाची उंच जाते याची पैज. शेजाऱ्याने गाडी घेतली म्हणून आपणही घेतली, की हा शेरा बसतो.

म्हणून 'बडेजाव' कमी पडतो. तो एकट्याचाही असतो. 'चढाओढ' कशाचीही असू शकते, अभ्यासाचीसुद्धा. 'कुरघोडी'त मात करणं आहे, मिरवणं नाही. मराठीत हे काम पारंपरिकपणे द्विरुक्ती करते : मारामारी, ओढाओढी, खेचाखेची. त्याच चालीवर मी 'मिरवामिरवी' सुचवेन. कोशात असो वा नसो, ऐकणाऱ्याला लगेच कळतं. "पायाबाङान ना नामान!" म्हणजे "झाली पुन्हा मिरवामिरवी सुरू!"

दोन भावंडं आणखी आहेत. 'पासिकात' आणि 'पासिक्लाब', दोन्हींचा अर्थ छाप पाडण्यासाठी केलेलं प्रदर्शन. 'सिकात' म्हणजे उन्हाची तिरीप, आणि प्रसिद्ध माणूसही. 'सिक्लाब' म्हणजे एकदम उठलेला भडका. आता आपला 'टेंभा मिरवणे' आठवा. टेंभा म्हणजे मशालच. शिवाय आपण दिवे पाजळतो, आणि चमकोगिरी तर हल्लीचीच. दोन्ही भाषांची कुळं वेगळी, तरी दोघींनाही शेखीत उजेडच दिसला. मला या प्रश्नातला हा सगळ्यात आवडता भाग.

'पाकिताङ-ताओ' मात्र यात मिसळू नका. 'ताओ' म्हणजे माणसं, आणि अख्ख्या शब्दाचा अर्थ लोकांना दाखवण्यापुरतं केलेलं. त्यात ढोंग आहे, श्रीमंती असेलच असं नाही.

आता संस्कृतीचं. शब्द आहे म्हणून लोक तसे, हा निष्कर्ष मला पटत नाही. उलट 'मायाबाङ' ही फिलिपीन्समध्ये बोचरी शिवी आहे. स्वतःविषयी कोणी म्हणत नाही. तिथल्या सरकारी नोकरांच्या वर्तणुकीच्या १९८९ च्या कायद्यात तर त्यांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी साधं राहावं, संपत्तीचं प्रदर्शन कोणत्याही स्वरूपात करू नये, असं स्पष्ट लिहिलं आहे. पाळलं किती जातं हा भाग वेगळा.

शिवाय बाहेरून जी शेखी दिसते ती आतून बऱ्याचदा लाज झाकण्याची धडपड असते. गावच्या संताच्या फिएस्ताला, म्हणजे उत्सवाला, घर सगळ्यांसाठी उघडं असतं आणि टेबलावर 'हांदा', म्हणजे मेजवानीचे पदार्थ, भरगच्च लागतात. ते कमी पडले तर 'हिया', लाज. तिथे म्हणतात, 'वालाङ मुखाङ माइहाराप', समोर न्यायला तोंड नाही. यातला 'मुखा' हा आपल्या संस्कृतातलाच 'मुख'. तोंड दाखवायला जागा उरली नाही, असं आपणही म्हणतोच की. निर्लज्ज माणसाचं मुख मात्र त्यांच्याकडे 'माकापाल', म्हणजे जाड असतं.

जीपनीवर, म्हणजे तिथल्या प्रवासी गाडीवर, किंवा घरावर रंगवलेलं 'कातास नाङ सौदी' हेही मी पायाबाङानमध्ये धरणार नाही. 'कातास' म्हणजे पिळून काढलेला रस, आणि वाक्याचा अर्थ सौदीत पिळून निघालो त्यातून हे आलं. त्यात मिरवणं आहे, पण हिशेब जास्त आहे. बातांगास प्रांतातल्या माबिनीत इटलीला कामाला गेलेल्यांनी इटालियन धाटणीची घरं बांधली, त्या वस्तीला 'लिट्ल इटली' म्हणतात. तिथे मात्र दोन बंगल्यांच्या मधे उभं राहून पायाबाङान म्हणायचं की कातास, हे मला ठरवता येणार नाही.

जाता जाता वाचकाला एक सूचना. सहकारी तुम्हाला 'बुम्बाय' म्हणाले तर दचकू नका. आपल्या मुंबईच्या जुन्या नावावरून पडलेला हा शब्द तिथे कुठल्याही भारतीयाला लागतो; जरा खुपतो, पण रुळलेला आहे. त्यातही डोळ्यांसमोर येतो तो मोटारसायकलवरून दारोदार फिरणारा, बहुधा पंजाबी, सावकार. तो पंखे, छत्र्या, मच्छरदाण्या हप्त्याने देतो आणि पैसे 'फाइव्ह-सिक्स'वर, म्हणजे पाच घ्या, सहा परत करा. कांद्यालाही ते 'सिबुयास बोम्बाय' म्हणतात. तुम्ही मूळचे लासलगावचे असाल तर हे त्यांना जरूर सांगा.